जंतुविषांचा प्रतिकार आणि अधिवृक्क ग्रंथी

पावसाळा तोंडावर आला की धाराशिव जिल्ह्यातील गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत शेळ्यामेंढ्यांना एक लस टोचली जाते. शासकीय पत्रकांत तिचे नाव ‘आंत्रविषार प्रतिबंधक लस’ असे असते. खेड्यात तिला नुसती ‘विषाराची सुई’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाची एक मावशी तुळजापूर तालुक्यातील एका वस्तीवर उस्मानाबादी शेळ्या पाळते. (२०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव पालटले, शेळीचे मात्र उस्मानाबादीच राहिले आहे. जातिनामे ही स्थलनामांपेक्षा चिवट असतात.) काही वर्षांपूर्वी ही मावशी सोलापूरच्या एका रुग्णालयात मरणाच्या दारातून परत आली. ‘लघवीच्या जागी जंतू झाले व त्यांचे विष रक्तात भिनले,’ असे तिला तेथे समजावून सांगण्यात आले होते. घरी आल्यावर तिने विचारले, “शेळ्यांला विषाराची सुई हाय, मग मानसाला का न्हाई?”

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधे निघाले नाही. ते शोधताना असे आढळून आले की, ‘विष’ आणि ‘प्रतिकार’ हे दोन शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने ते या विषयात सर्वत्र लागू पडत नाहीत, आणि या गैरसमजाची किंमत कधी कधी प्राणाने मोजावी लागते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने शरीरक्रियाशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकणे काहींना धार्ष्ट्याचे वाटेल. परंतु पदव्युत्तर वर्गाला परिभाषाविचार शिकविताना संज्ञा आणि वस्तू यांची गाठ कोठे सुटते हे दाखविण्यासाठी याहून चांगले उदाहरण लेखकास अद्याप सापडलेले नाही.

प्रथम शब्दाविषयी. ‘विषार’ आणि ‘विखार’ ही एकाच शब्दाची दोन रूपे होत. ‘ष’चा ‘ख’ होण्याची प्रवृत्ती जुन्या मराठीत व उत्तरेकडील भाषांत सर्वपरिचित आहे. दोष–दोख, पाषाण–पाखाण ही उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. आज ‘विखारी’ हे विशेषण नागाला आणि टीकेला लागते, तर ‘विषार’ हे रूप प्रामुख्याने पशुवैद्यकाच्या परिभाषेत टिकून आहे. ज्याला इंग्रजीच्या प्रभावाने आपण ‘टॉक्सिन’ म्हणतो, त्याचे मूळ ग्रीक भाषेतील ‘धनुष्य’ या अर्थाच्या शब्दात आहे. बाणाच्या टोकाला लावावयाचे द्रव्य ते धनुष्याचे द्रव्य, आणि पुढे धनुष्य गळून केवळ विष उरले. आपल्याकडे ज्या रोगात जंतूचे विष सर्वांत उघडपणे आपला प्रभाव दाखविते त्या रोगाचे नाव ‘धनुर्वात’ असावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. तेथे धनुष्य बाणासाठी आलेले नाही, ते वाकलेल्या शरीरासाठी आले आहे. एक शब्द विषाच्या साधनावरून निघाला, दुसरा त्याच्या परिणामावरून.

आता शेळीच्या विषाराकडे वळू. हा रोग क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूच्या ‘ड’ प्रकारामुळे होतो. हा जंतू निरोगी जनावराच्या आतड्यातही अल्प प्रमाणात वास करून असतो व तेथे त्याचा उपद्रव जाणवत नाही. परंतु जनावराच्या आहारात एकाएकी पालट झाला, पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर कळप तुटून पडला किंवा खळ्यातील धान्य शेळीच्या तोंडी मुबलक लागले, म्हणजे न पचलेला पिष्टमय भाग पुढे लहान आतड्यात जातो आणि त्यावर हे जंतू भराभर वाढतात. त्यांच्यापासून जे विष स्रवते ते प्रथम निष्क्रिय असते. जनावराच्या स्वतःच्या पाचकरसातील ट्रिप्सिन त्याचा एक तुकडा तोडते आणि मग ते मारक बनते. हे विष आतड्याच्या अस्तराची पार्यता वाढवून रक्तात शिरते, रक्तवाहिन्यांच्या आतील थराला चिकटते व त्यास छिद्रे पाडते. मेंढीत मेंदू व मूत्रपिंडे यांना सूज येते. शेळीत आतड्याचा दाह अधिक ठळक असतो. कळपातील सर्वांत धष्टपुष्ट करडू सायंकाळी उड्या मारीत असते आणि पहाटे मरून पडलेले आढळते. ज्याने अधिक खाल्ले ते आधी जाते. त्यामुळे वस्तीवर अशा मृत्यूला ‘नजर लागली’ असे म्हणण्याची चाल पडली असल्यास नवल नाही.

या ठिकाणी विष हे खरोखरच विष आहे. ते एक निश्चित प्रथिन असून त्याची कृतीही निश्चित आहे. त्याच्याविरुद्ध शरीराने प्रतिपिंड बनविले की ते त्या प्रथिनाला बांधून निकामी करते. लसीत हेच विष रासायनिक प्रक्रियेने निरुपद्रवी केलेले असते. कुलपाला किल्ली बसावी तसा हा व्यवहार आहे. शेळीत या लसीचा प्रभाव मेंढीपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते, एवढीच काय ती अडचण. धनुर्वात व घटसर्प यांची विषेही याच जातीची आहेत. जंतू त्यांना शरीराबाहेर, म्हणजे स्वतःच्या देहाबाहेर टाकतो म्हणून त्यांना ‘बहिर्विष’ म्हणतात. मावशीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते: माणसालाही सुई आहे, आणि ती तिने स्वतःच्या नातवंडांना लहानपणी टोचविली आहे. भारतातून नवजात अर्भकांचा व प्रसूत मातांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून नाहीसा झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले, ते मुख्यतः या सुईमुळेच.

परंतु मावशीच्या रक्तात भिनले होते ते विष या जातीचे नव्हते.

१८९२ च्या सुमारास बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर हे पटकीच्या जंतूंवर प्रयोग करीत होते. उष्णतेने मारलेले जंतूही गिनीपिगच्या शरीरात टोचले असता प्राणघातक ठरतात असे त्यांना दिसले. विष बाहेर टाकण्यास जंतू जिवंतच नसेल तर ते विष त्याच्या देहातच असले पाहिजे, असा तर्क करून त्यांनी त्यास ‘अंतर्विष’ या अर्थाची संज्ञा दिली. संज्ञा टिकली. मात्र ज्या रोगावरून ती बनली त्या रोगाचे खरे विष ते नव्हेच. पटकीत माणसाला मारणारे विष जंतू बाहेर टाकतो हे शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात सशांच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये सिद्ध केले. म्हणजे अंतर्विष या कल्पनेचा जन्म चुकीच्या घरी झाला. कल्पना मात्र खरी निघाली. विषमज्वराचे जंतू, लघवीच्या मार्गात वाढणारे कोलाय जंतू, प्लेगचे जंतू अशा अनेकांच्या बाह्य आवरणात मेद व शर्करा यांचे एक संयुग असते. जंतू फुटला की ते सुटे होते. दर किलोग्रॅम वजनामागे अवघे २ ते ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) एवढे अंतर्विष निरोगी स्वयंसेवकाच्या शिरेत सोडले तरी त्याला हुडहुडी भरून ताप चढतो.

हे विष पेशीला कसे मारते? याचे उत्तर असे की, ते मारीतच नाही. याचा पुरावा उंदरांच्या एका वंशाने दिला. सी३एच/एचईजे या नावाने ओळखला जाणारा हा वंश जन्मतःच अंतर्विषाला दाद देत नाही. इतर उंदरांना मारणारी मात्रा त्याला सहज पचते. अशा उंदराइतका ‘प्रतिकारक्षम’ प्राणी दुसरा नाही असे कोणीही म्हणेल. पण त्याच उंदराच्या शरीरात साल्मोनेला जातीचे थोडे जिवंत जंतू सोडले तर साधा उंदीर ज्यातून निभावून जातो त्यात हा मरतो. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेने या कोड्याचा उलगडा केला. या उंदरात अंतर्विषाची चाहूल घेणारे ग्राहक प्रथिनच सदोष असते. ज्याला शत्रूची चाहूल लागत नाही तो घाबरत नाही, आणि लढतही नाही. या कामाबद्दल ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

याचा अर्थ असा की, अंतर्विष हा घाव नसून ती वर्दी आहे. रक्तातील व ऊतकांतील भक्षक पेशींना ही वर्दी पोचली की त्या स्वतःच काही द्रव्ये सोडतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर व इंटरल्यूकिन-१ ही त्यांतील प्रमुख. थोड्या प्रमाणात ही द्रव्ये हितकारक असतात. ती ताप आणतात, पांढऱ्या पेशींना बोलावितात, जंतूंना कोंडतात. प्रमाण सुटले की मात्र रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब कोसळतो, लहान लहान वाहिन्यांत रक्त गोठते. १९८५ मध्ये ब्यूटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरविरुद्धचे प्रतिपिंड उंदरास आधी टोचून ठेवले तर अंतर्विषाच्या मारक मात्रेतून तो बचावतो. आपण ज्याला जंतूचे विष म्हणतो त्या विषाचा बराचसा भाग अशा रीतीने शरीरानेच सिद्ध केलेला असतो. शेळीच्या ‘विषारा’ला आणि मावशीच्या ‘विषा’ला एकच शब्द लावणे हे शब्दाच्या दृष्टीने सोयीचे असले तरी वस्तूच्या दृष्टीने दिशाभूल करणारे आहे.

हे शरीराचे स्वतःचेच वादळ आवरते कोण, हा पुढचा प्रश्न. आणि येथे अधिवृक्क ग्रंथींचा संबंध येतो.

‘वृक्क’ म्हणजे मूत्रपिंड व त्यावर बसलेली ती ‘अधिवृक्क’. इंग्रजी शब्दही लॅटिनमध्ये ‘मूत्रपिंडाजवळची’ एवढेच सांगतो. नावात केवळ पत्ता आहे, कार्य नाही. कारण सोळाव्या शतकात युस्टाकी याने या ग्रंथींचे वर्णन केल्यानंतर सुमारे तीनशे वर्षे त्यांचे कार्य कोणासच माहीत नव्हते. प्रत्येकीचे वजन साधारण ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे एखाद्या खारकेपेक्षाही कमी. लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले की ज्यांची शक्ती हळूहळू क्षीण होत जाते, कातडी काळवंडते, नाडी मंद होते, आणि मरणोत्तर तपासणीत ज्यांच्या या ग्रंथी नासलेल्या आढळतात. बहुतेकांत कारण क्षयरोग होते. भारतात आजही हे कारण दुर्मीळ झालेले नाही. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी कापून काढल्या तेव्हा ते प्राणी वाचले नाहीत. ग्रंथी आवश्यक आहे एवढे त्यावरून ठरले.

ग्रंथीचे दोन भाग आहेत. आतला मध्यक ॲड्रेनॅलीन स्रवतो. बाहेरचा बाह्यक कॉर्टिसॉल व तत्सम द्रव्ये स्रवतो. मध्यकाच्या अर्काने रक्तदाब चढतो हे जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी १८९४–९५ मध्ये दाखविले, आणि १९०१ मध्ये ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ॲड्रेनॅलीन वेगळे केल्याचे जाहीर केले. बाह्यकाच्या द्रव्यांना हुडकण्यास अधिक काळ लागला. केंडल, राइशस्टाइन व हेंच यांना त्यासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही भाग शेजारी असणे हा निव्वळ अपघात नव्हे. बाह्यकातून येणारे कॉर्टिसॉलयुक्त रक्त मध्यकातून वाहत जाते, आणि तेथे ॲड्रेनॅलीन तयार करणारे विकर त्या कॉर्टिसॉलच्या प्रभावाखालीच वाढते.

जंतुविषांशी या ग्रंथींचे नाते फार लवकर लक्षात आले होते. रू व येर्सिन यांनी १८८९ च्या सुमारास घटसर्पाच्या विषाने मेलेल्या गिनीपिगच्या अधिवृक्क ग्रंथी रक्ताने भरून लाल झालेल्या पाहिल्या होत्या. मस्तिष्कावरणाच्या जंतूंचा संसर्ग रक्तात पसरून बालके काही तासांत दगावतात आणि त्यांच्या दोन्ही ग्रंथींत रक्तस्राव आढळतो, या अवस्थेला वॉटरहाउस (१९११) व फ्रिडरिक्सन (१९१८) यांची नावे मिळाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर अनेकांनी असे प्रयोग केले की, ग्रंथी काढलेल्या उंदरांना विषमज्वराच्या मृत जंतूंची मात्रा टोचली तर जी मात्रा साध्या उंदराला किरकोळ वाटते तीच त्यांना मारते, आणि बाह्यकाचा अर्क दिला तर ते तगतात. यावरून निष्कर्ष सरळ दिसत होता: बाह्यकाचे संप्रेरक विषाचा प्रतिकार वाढविते.

हा निष्कर्ष चूक म्हणता येत नाही, परंतु यातील ‘प्रतिकार’ या शब्दाने भल्याभल्यांना चकविले. कॉर्टिसॉल विषाला बांधीत नाही, त्याचे विघटन करीत नाही, जंतूला मारीत नाही. इतकेच नव्हे, तर कॉर्टिसोनचा औषध म्हणून वापर सुरू झाल्यावर असे दिसून आले की, ते दाह शमविते आणि जंतूंचा फैलाव होऊ देते. एकाच द्रव्याने विषाचा ‘प्रतिकार’ वाढतो आणि रोगाचा ‘प्रतिकार’ घटतो हे कसे? डच शास्त्रज्ञ मारियस टाउस्क यांनी १९५१ मध्ये एक मार्मिक उपमा सुचविली होती: हे संप्रेरक आगीपासून वाचवीत नाही, आगीच्या बंबाने होणाऱ्या पाण्याच्या नुकसानीपासून वाचविते. उपमा तीन दशके विस्मृतीत पडली. १९८४ मध्ये ॲलन मंक व त्यांचे सहकारी यांनी तिच्याकडे लक्ष वेधून हाच विचार सप्रमाण मांडला. शरीराची संरक्षक क्रिया मर्यादेबाहेर जाऊ नये यासाठी तिला लगाम घालणे हे कॉर्टिसॉलचे स्वाभाविक कार्य होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८८ मध्ये इटलीतील संशोधकांनी याची चोख परीक्षा घेतली. ग्रंथी काढलेल्या उंदरांना त्यांनी जंतुविष न देता थेट ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर व इंटरल्यूकिन-१ दिले. जंतू नाही, विष नाही, केवळ शरीराचीच द्रव्ये; तरीही उंदीर मेले, आणि डेक्सामेथासोन दिल्यावर वाचले.

ही व्यवस्था वर्तुळाकार आहे. भक्षक पेशींनी सोडलेली द्रव्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस या भागाला जागे करतात. तो पोष ग्रंथीला संदेश देतो. पोष ग्रंथी अधिवृक्काच्या बाह्यकाला चाळविते. आणि बाह्यकातून निघालेले कॉर्टिसॉल त्याच भक्षक पेशींत शिरून, ग्राहक प्रथिनासह त्यांच्या केंद्रकापर्यंत जाऊन, ती द्रव्ये बनविणाऱ्या जनुकांचे कार्य मंदावते. वर्दी देणाराच शेवटी गप्प केला जातो. ॲड्रेनॅलीनही येथे हात देते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना अंतर्विषापूर्वी ॲड्रेनॅलीन सुरू केले असता ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर कमी व दाहशामक इंटरल्यूकिन-१० अधिक निर्माण झाले. याखेरीज कॉर्टिसॉलचे आणखी एक काम आहे. ते नसेल तर रक्तवाहिन्यांचे स्नायू ॲड्रेनॅलीनच्या हुकमाला दाद देत नाहीत, आणि कोसळलेला रक्तदाब औषधांनीही उचलत नाही.

एक गमतीची गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून रूढ केला, आणि आपला ‘संप्रेरक’ त्याचाच अनुवाद. प्रस्तुत ठिकाणी मात्र संप्रेरकाचे काम प्रेरणेचे नाही, आवर घालण्याचे आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या शेफर यांना ही विसंगती जाणवली होती. आवर घालणाऱ्या स्रावांसाठी त्यांनी ‘सैल सोडणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ‘चॅलोन’ ही निराळी संज्ञा सुचविली. ती या अर्थाने रुजली नाही. संज्ञा अचूक असली म्हणजे रुजतेच असे नाही, हे परिभाषा समित्यांवर बसणाऱ्यांना सांगावयास नको.

वनस्पतिरोगांच्या शास्त्रज्ञांनी हा भेद प्राणिशास्त्रज्ञांच्या फार आधी केला होता. तांबेऱ्याला ज्वारीचे एखादे वाण शिरकावच करू देत नाही. दुसऱ्या वाणावर तांबेरा पडतो, पण कणीस भरते. पहिला प्रतिकार, दुसरी सहनशीलता. प्राण्यांच्या बाबतीत ही दोन पदे वेगळी वापरण्याची पद्धत या शतकातच रूढ होत आहे. अधिवृक्काचे कार्य दुसऱ्या पदात मोडते. म्हणून ‘जंतुविषाचा प्रतिकार’ यापेक्षा ‘जंतुविषाचे सहन’ म्हणणे शास्त्रास धरून होईल. ‘सहन’ या शब्दाला मराठीत जी असहायतेची छटा आहे ती नडते, हे खरे. उस्मानाबादी शेळीचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. उन्हाळ्याची काहिली व अपुरा चारा हे दोन ताण ही शेळी एकाच वेळी कसे पेलते याचा अभ्यास बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेत झाला आहे. तिचा जो काटकपणा वस्तीवर वाखाणला जातो तो या ‘सहना’च्याच जातीचा. पण याच काटक शेळीला आंत्रविषार एका रात्रीत नेतो. मेंढीत तर या रोगात यकृतातील साठा फुटून रक्तात व मूत्रात साखर उतरते. म्हणजे ॲड्रेनॅलीनच्या उसळीने जे घडावे तेच घडते. घंटा वाजते, पण छिद्रे पाडणाऱ्या विषाला घंटेचे काय? तेथे लसच हवी.

उलट दिशेने, अंतर्विषासाठी लसीसारखा उपाय माणसाने करून पाहिला नाही असे नाही. १९९० च्या आसपास अंतर्विषाविरुद्धचे प्रतिपिंड औषध म्हणून सिद्ध करण्यात आले होते. मोठ्या चाचणीत ते टिकले नाही. मावशीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे असे आहे.

मग बाह्यकाचे संप्रेरक बाहेरून का देऊ नये? ते दिलेही गेले. जकार्ता येथे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विषमज्वराने बेशुद्धीच्या अवस्थेस किंवा अपघाताच्या धक्क्यासारख्या स्थितीस पोचलेल्या ३८ रुग्णांना जंतुनाशक औषध दिलेच होते. त्यांपैकी २० जणांना त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन मिळाले व त्यांतील २ दगावले, उरलेल्या १८ पैकी १० दगावले. या आकड्यांनी मोठी आशा निर्माण केली. परंतु १९८७ मध्ये अमेरिकेतील दोन चाचण्यांत रक्तात जंतुदोष झालेल्या रुग्णांना या वर्गातील औषध प्रचंड मात्रेत देऊनही जगण्याचे प्रमाण वाढले नाही. २०१८ च्या दोन मोठ्या चाचण्यांत मात्रा माफक होती. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या एकीत ३,८०० रुग्ण होते. मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, मात्र रक्तदाब लवकर सावरला. फ्रान्समधील दुसरीत बाह्यकाचे आणखी एक संप्रेरक जोडीला होते. तीत मृत्यू ४९ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर आले. या विसंगतीमागील एक कारण प्रयोगशाळेत १९८६ मध्येच दिसले होते. भक्षक पेशींना वर्दी पोचण्यापूर्वी डेक्सामेथासोन दिले तर त्या ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर बनवीत नाहीत. वर्दी पोचून गेल्यावर दिले तर फारसा उपयोग होत नाही. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल वेळेवर असते. डॉक्टरांची सुई बहुधा उशिरा पोचते.

आता मावशीच्या आजाराचा उरलेला भाग सांगितला पाहिजे, कारण हा सर्व खटाटोप त्यासाठीच आहे. गुडघेदुखीसाठी ती दोन वर्षे आठवडी बाजारातील एका विक्रेत्याकडून पांढऱ्या गोळ्या आणीत असे. गुण तत्काळ येई. चेहरा भरून गोल झाला, तेव्हा ‘तब्येत सुधारली’ असे सर्व म्हणाले, आम्हीही म्हणालो. त्या गोळ्या म्हणजे कॉर्टिसॉलचीच कृत्रिम भावंडे होती. बाहेरून असा आयता पुरवठा होऊ लागला म्हणजे पोष ग्रंथी बाह्यकाला चाळविणे थांबविते आणि बाह्यक सुकत जातो. ग्रंथी शाबूत असूनही ॲडिसनच्या रुग्णासारखी अवस्था होते. मात्र गोळी चालू आहे तोवर ते कोणाच्या लक्षात येत नाही. नवरात्रात उपवासाला उष्ण पडतील म्हणून तिने गोळ्या एकदम बंद केल्या. त्याच आठवड्यात लघवीचा जंतुदोष झाला. अशा वेळी निरोगी शरीर नेहमीच्या कितीतरी पट कॉर्टिसॉल स्रवते. तिच्या शरीरात नेहमीइतकेही उरले नव्हते. लगाम नसलेला दाह आणि ॲड्रेनॅलीनला दाद न देणाऱ्या रक्तवाहिन्या, असा दुहेरी प्रसंग तिच्यावर ओढवला. सोलापूरला पोचेपर्यंत तिची नाडी लागत नव्हती.

रुग्णालयात प्रथम विचारले ते योग्यच विचारले: “स्टेरॉईड घेता का?” ती शुद्धीवर होती आणि तिने ‘नाही’ म्हणून सांगितले. तिच्या दृष्टीने ते खरे होते. ती घेत होती ती ‘शक्तीची गोळी’. विक्रेत्याने तिला हेच नाव सांगितले होते, आणि आमच्या घरात सर्वांच्या तोंडी तेच होते. सलाईन व जंतुनाशके चालू असूनही रक्तदाब वर येईना, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या गोल चेहऱ्याकडे, दंडावरच्या कागदासारख्या पातळ कातडीकडे व जांभळ्या डागांकडे पाहून प्रश्न पालटला: “मावशी, गुडघ्याला काय घेता?” मावशीने कनवटीची पुडी काढून दाखविली. हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा मागितला.

घरी पाठविताना त्याच डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, ग्रंथी पुन्हा जागी होण्यास महिने लागतील, गोळी हळूहळू उतरवावी लागेल, आणि तोवर तिच्याजवळ नेहमी एक चिठ्ठी असावी. तिचा मराठी मजकूर लिहिण्याचे काम भाषेचा मास्तर म्हणून माझ्याकडे आले. पहिल्या खर्ड्यात मी ‘अधिवृक्क’ लिहिले, ‘संप्रेरक’ लिहिले, ‘प्रतिकारशक्ती’ही लिहिले. तो मावशीला वाचून दाखविला. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “हे समदं त्या गोळीबद्दलच हाय का?” तेव्हा तो खर्डा फाडून टाकला. ती चिठ्ठी आज तिच्या बटव्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. तीत एवढेच आहे: ‘या बाई स्टेरॉईडची गोळी घेतात. हिलाच त्या शक्तीची गोळी म्हणतात. ही एकदम बंद करू नये. ताप, जुलाब, उलटी, अपघात किंवा ऑपरेशन असल्यास ही जास्त लागते. पोटात ठरत नसल्यास सुईने लगेच द्यावी.’